तीस किलोचं वजन

आमच्या अलिबाग तालुक्याला शर्यतींचं वेड जुनंच. पुळणीवर बैलगाड्यांच्या शर्यती लागल्या की आम्हा रेवदंड्याच्या पोरांचं जेवणात लक्ष नसायचं. मध्यंतरी २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या बंदीमुळे त्या थांबल्या, मग २०२१ च्या डिसेंबरात अटी घालून पुन्हा परवानगी मिळाली. पण मित्रांनो, मी आज सांगणार आहे ती शर्यत पुळणीवर झालीच नाही. ती झाली आमच्या माजघरात, एकवीस इंची टीव्हीवर, २०१० च्या मे महिन्यात. भरवली मी. आणि तिच्यात लबाडी केली तीही मीच!

लबाडी हा शब्द मला तेव्हा आवडला नसता. त्या दिवशी तर मी स्वतःला फार शहाणा आणि दयाळू समजत होतो.

झालं असं. डोंबिवलीची आत्या दर सुट्टीत यायची. पनवेल, पेण, अलिबाग असं करत एसटी एकदाची किल्ल्याच्या तटातून गावात शिरायची आणि आम्ही पिशव्या उचलायला धावायचो. त्या वर्षी ताईनं, म्हणजे माझ्या आतेबहिणीनं, पिशव्यांना हातच लावू दिला नाही. टॉवेलात गुंडाळलेला एक काळा डबा ती स्वतः छातीशी धरून उतरली. आजीनं विचारलं, "व्हीसीआर आणलास का गं?" तो प्लेस्टेशन टू होता. आमच्या आळीत तोपर्यंत असला डबा कुणी जवळून पाहिलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळपासून आमच्या ओटीवर चपलांचा ढीग पडायला लागला.

ताईकडे गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ होता, ग्रान टुरिस्मो ४. काझुनोरी यामाउची नावाच्या जपानी माणसानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली या मालिकेतला पहिला खेळ काढला. हा चौथा २००४ च्या अखेरीस जपानात आला. त्यात सातशेच्या वर गाड्या. नुसत्या चित्रातल्या नाहीत. खऱ्या गाडीचं जेवढं वजन तेवढंच खेळात, खऱ्या इंजिनाची जेवढी ताकद तेवढीच. आम्ही यादी खाली खाली सरकवत होतो, तेवढ्यात एकजण ओरडला, "अरे, डॉक्टरांची गाडी!"

खरंच, सुझुकीची वॅगन आर होती! आमच्या डॉक्टरांकडे होती तसलीच, उभट डब्यासारखी. आता थोडा फरक होता, बरं का. आपल्याकडे १९९९ च्या अखेरीस जी वॅगन आर आली तिचं इंजिन साधारण अकराशे सीसीचं. जपानातल्या छोट्या गाड्यांना मात्र ६६० सीसीची मर्यादा असते. खेळातली वॅगन आर त्या जातीची, टर्बो लावलेली. पण आम्हाला त्याचं काय! झकपक गाड्या बाजूला राहिल्या आणि आम्ही सगळे डॉक्टरांच्या गाडीवर तुटून पडलो.

आठवडाभरात एक अडचण आली. ताई प्रत्येक शर्यत जिंकायची. बारावीची परीक्षा देऊन आली होती, हात बसलेला होता; आमची बटणंच सापडेनात. हरून हरून पोरं कंटाळली. ओटीवरच्या चपला कमी व्हायला लागल्या तसा मी अस्वस्थ झालो. कारण चपला माझ्या घरी होत्या म्हणून मला भाव होता, हे मला चांगलंच कळत होतं.

तेव्हा ताईनं ट्यूनिंगचा पडदा उघडून दाखवला.

ट्यूनिंग म्हणजे गाडीला रंग देणं, पट्टे ओढणं नव्हे. ते पाहायला बरं, पण त्यानं गाडी पळत नाही. तुम्ही सायकल चालवता ना? सायकलच्या मागच्या चक्राला दात कमी असले तर सपाटीवर ती सुसाट जाते, पण चढावर मांड्या भरून येतात. दात जास्त असले तर उलट. गाडीच्या गिअरचंही तसंच. मग स्प्रिंग किती कडक ठेवायची? फार कडक असली तर खडबडीत जागी चाक उडतं, फार मऊ असली तर वळणावर गाडी एका अंगावर झुकते. चाकं सरळ उभी ठेवायची की वरच्या बाजूनं किंचित आत कलती? त्या कलण्याला कॅम्बर म्हणतात. गाडी जमिनीपासून किती उंच, ब्रेक पुढच्या चाकांना जास्त की मागच्या, असे वीस-पंचवीस आकडे. गंमत म्हणजे यातला एकही आकडा एकटा नसतो. एक बदलला की दुसरा कुरकुर करतो.

(आईबाबांना वाटेल, टीव्हीतल्या गाडीचे स्क्रू पिळून काय मिळणार? यान मार्डेनबरो नावाच्या एका ब्रिटिश मुलानं याच मालिकेतला खेळ खेळून २०११ साली एक स्पर्धा जिंकली. तिचं बक्षीस होतं खऱ्या रेसिंगचं शिक्षण. २०१३ साली तो फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या गटात तिसरा आला. त्याच्यावर २०२३ मध्ये सिनेमाही निघाला. अर्थात, आमच्यातलं कुणी ल मान्सला गेलं नाही, हेही सांगून टाकतो.)

माझ्या डोक्यात कल्पना आली. गाडी सगळ्यांची एकच, वॅगन आर. विकत घ्यायचे सुटे भाग सगळ्यांना तेच. गाडी चालवणार फक्त ताई. मग फरक उरतो तो फक्त आकड्यांचा! प्रत्येकानं आपले आकडे चिठ्ठीवर लिहायचे, ते मी खेळात भरायचे, ताईनं तीन फेऱ्या मारायच्या, सर्वांत कमी वेळेची फेरी धरायची. चिठ्ठीवर नाव नाही, नुसता क्रमांक. ताईला कळताच कामा नये की आपण कुणाची गाडी चालवतोय. हे नियम मी बुटाच्या खोक्याच्या झाकणावर स्केचपेननं लिहून माजघराच्या दाराला लावले. आजी म्हणाली, "मेल्यांनो, अभ्यासाची एवढी पाटी कधी लावली होतीत का रे?"

रस्ता ठरला त्सुकुबाचा. हा जपानात खरोखरच आहे, इबाराकी प्रांतात. लांबी २०४५ मीटर, म्हणजे दोन किलोमीटरच्या जरा वर. जपानातले गाड्या घडवणारे कारागीर आपापल्या गाड्या घेऊन तिथे वेळ लावायला जातात. एका मिनिटाच्या आत फेरी मारली की कॉलर ताठ. तीव्र वळणं पुष्कळ, म्हणून नुसत्या इंजिनाच्या जोरावर तिथे भागत नाही.

नऊ जणांनी नावं दिली. पाच-पाच रुपये वर्गणी. अलिबागहून चाळीस रुपयांचा छोटा कप आणला, उरलेल्या पाचांचे स्केचपेन आणि कागद. कप टीव्हीवर ठेवला आणि वातावरणच बदललं. जो तो एकमेकांपासून चिठ्ठी लपवून हिंडू लागला.

प्रत्येकाला सरावाला अर्धा-अर्धा तास होता. पण त्या वर्षी भारनियमन होतं. लाईट कधी जाईल त्याचं वेळापत्रक होतं, आणि वेळापत्रकाबाहेरही ती जायची. कोळीवाड्यातला एक सातवीतला मुलगा होता. अंगानं काडी, म्हणून आम्ही त्याला बारक्याच म्हणायचो. त्याची पाळी दुपारी दोनची. दहा मिनिटं झाली आणि लाईट गेली. मी म्हटलं, "उद्या बघू." उद्या बघायला मी विसरलो. त्यानं आठवण केली नाही. मात्र इतरांची पाळी चालू असताना तो उंबऱ्यावर गुडघ्यांना मिठी मारून बसलेला असायचा आणि टीव्हीकडे न बघता गाडीच्या पुढच्या चाकांकडे बघायचा. टीव्हीकडे न बघता म्हणजे काय, ते मला नीट सांगता येणार नाही, पण तो शर्यत बघत नव्हता हे खरं.

स्पर्धेच्या दिवशी मी चिठ्ठ्या घेतल्या आणि ताईला ओटीवर पाठवून पहिल्या चिठ्ठीचे आकडे भरले. ताई आत आली, तीन फेऱ्या मारल्या, वेळ वहीत लिहिली. ताई बाहेर, दुसरी चिठ्ठी. असं चाललं होतं. सहावी चिठ्ठी उघडली. दुरेघी वहीचा फाडलेला कागद, इंग्रजी अक्षरं वेडीवाकडी. क्रमांक असला तरी ती कुणाची ते मला लगेच कळलं. आकडे बघत गेलो. मागच्या स्प्रिंगा फारच कडक. आणि सगळ्यात खाली लिहिलं होतं, 'बॅलास्ट ३०, मागे'.

बॅलास्ट म्हणजे गाडीत मुद्दाम टाकायचं जड वजन. खेळात तशी सोय होती आणि तिला पैसे पडत नव्हते, म्हणून आमच्या नियमांत तिचा उल्लेखही नव्हता. आम्ही सगळे गाडी हलकी कशी होईल ते बघत होतो. शर्यतीच्या गाडीत कुणी उलट तीस किलो भरतं का? मला हसूच आलं. वाटलं, बिचाऱ्याला सराव मिळाला नाही, इंग्रजी कळलेलं नाही, काहीतरी चुकून लिहिलंय. सगळ्यांसमोर शेवटचा येईल, नाक कापलं जाईल. मी तीसच्या जागी शून्य घातलं. बाकी आकडे होते तसे ठेवले. मनात म्हटलं, जा बाळा, तुझी लाज राखली.

ताई दुसऱ्याच वळणावर म्हणाली, "ही काय गाडी आहे रे? मागचं टोक उड्या मारतंय!" वेळ आली १ मिनिट १७.२९० सेकंद. नऊ जणांत सहावा नंबर. पहिला आला शेजारच्या वाडीतला माझा मित्र, १ मिनिट १६.४०२. टाळ्या झाल्या, कप दिला, आजीनं सगळ्यांना कोकम सरबत दिलं.

सरबत पिऊन बारक्या माझ्याजवळ आला. "दादा, माझ्या गाडीत वजन घातला होता ना?"

मी म्हटलं, "हो."

तो म्हणाला, "मग बरोबर नाय झाला काहीतरी," आणि डोकं खाजवत गेला.

रात्री जेवताना तो 'हो' माझ्या घशात अडकला. नऊनंतर लाईट होती. मी ताईला म्हटलं, एक चिठ्ठी पुन्हा चालवशील? कुणाची ते तिनं विचारलं नाही, नियमच होता. या वेळी मी तीसच्या जागी तीसच भरले. ताईनं पहिली फेरी मारली, काही बोलली नाही. दुसऱ्या फेरीत ती पुढे सरकून बसली. तिसरी फेरी, १ मिनिट १६.११८. कप जिंकलेल्या गाडीपेक्षा पाव सेकंदाहून जास्त सरस!

"कुणी केलीय?" ताई म्हणाली. मग मला सगळं सांगावं लागलं. ताई रागावली असती तर बरं झालं असतं. ती इतकंच म्हणाली, "आमची बस उद्या साडेअकराची आहे. सकाळी काय करायचं ते कर."

सकाळी सातला मी कोळीवाड्यात गेलो. बारक्या वडिलांबरोबर जाळं उलगडत बसला होता. वडिलांच्या देखत सांगायची माझी हिंमत होईना, पण तो उठेना. शेवटी तिथेच उभ्यानं सांगितलं, की मी शून्य घातलं होतं. आणि खोटं बोललो तेही.

तो जाळ्यातला काटा काढत राहिला. मग म्हणाला, "मला इचारलास का नाय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. विचारायचं सुचलंच नव्हतं. त्याच्यापाशी कारण असेल, असं मला वाटलंच नव्हतं.

कारण होतं. ते त्याच्या वडिलांनीच सांगितलं, कारण आकडे लिहिण्याआधी पोरगा त्यांच्याशी बोलला होता. होरीत, म्हणजे होडीत, सगळा भार पुढे झाला की तिचं तोंड पाण्यात घुसतं आणि सुकाणू फिरवलं तरी ती वळायला मागत नाही. मग बर्फाच्या पेट्या मागे सरकवायच्या. बारक्यानं उंबऱ्यावर बसून तेच पाहिलं होतं. वॅगन आरचं इंजिन पुढे, म्हणून गाडी पुढून जड. वळणावर पुढची चाकं वळलेली दिसायची, पण गाडी सरळच रेटत बाहेर जायची. त्यानं मागे भार टाकला, आणि त्या भारानं गाडी मागे बसू नये म्हणून मागच्या स्प्रिंगा कडक केल्या. मी भार काढला आणि स्प्रिंगा तशाच ठेवल्या. मागची चाकं उड्या मारणार नाहीत तर काय!

खेळातले सातशेच्या वर गाड्यांचे मालक आम्ही, आणि गाडी कळली ती जाळं उलगडणाऱ्या पोराला.

आता प्रश्न होता कपवाल्या मित्राचा. तो म्हणाला, "चूक तू केलीस, कप मी का देऊ?" त्याचंही खोटं नव्हतं. पुन्हा चालवून बघू म्हटल्यावर तो आणखी एक मुद्दा घेऊन आला. ताईनं रात्री बारक्याची गाडी चालवलीय, शिवाय दिवसभराच्या फेऱ्यांनी तिचा हात आणखी बसलाय, मग जी गाडी नंतर चालेल तिला फायदा. हे ऐकून मी वैतागलो, ताईला मात्र ते पटलं. तिनं क्रम ठरवला: आधी बारक्याची, मग मित्राची, मग पुन्हा मित्राची, शेवटी बारक्याची. म्हणजे हात बसण्याचा फायदा दोघांनाही सारखा. विज्ञान प्रदर्शनात प्रयोग मांडणाऱ्यांनी ही युक्ती लक्षात ठेवायला हरकत नाही.

दहा वाजता लाईट जायची होती. सव्वानऊला सुरुवात झाली. आत्या बॅग भरता भरता ओरडत होती, डब्याची वायर तरी गुंडाळा रे! माजघरात पाय ठेवायला जागा नव्हती. आदल्या दिवशी न आलेलीही पोरं आली होती.

बारक्या, १ मिनिट १६.१२२. मित्र, १६.३१०. पुन्हा मित्र, १५.९८८! एकच गलका. मग शेवटची बारक्याची पाळी. एकही पोर जागचं हललं नाही. १ मिनिट १६.०४१.

आता सांगा, कोण जिंकलं? दोन्ही पाळ्यांची सरासरी काढली तर बारक्या पुढे. पण बुटाच्या खोक्याच्या झाकणावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, सर्वांत कमी वेळेची फेरी धरायची. त्या हिशेबानं मित्र पुढे, सेकंदाच्या वीसाव्या भागानं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी आयोजक. कालपर्यंत मी तोऱ्यात निकाल दिला असता. त्या सकाळी माझ्या तोंडून शब्द फुटेना. दोन तट पडले, आवाज चढले. कुणी म्हणालं कप अर्धा अर्धा कापा. आणि दहाला पाच मिनिटं असतानाच लाईट गेली.

ताईनं काळोखातच वायरी काढल्या, डबा टॉवेलात गुंडाळला. कप मित्राकडेच राहिला. नियमाप्रमाणे तो त्याचा होता, आणि नियम बदलण्याचा हक्क मला तरी उरला नव्हता.

बसथांब्यावर बारक्या आला होता. मी म्हटलं, जून महिन्यात मी माझ्या पैशांनी दुसरा कप आणतो. तो म्हणाला, "कप नको. त्या वहीत लिव. वजनासकट लिव."

वही माझ्या पिशवीत होती. बसच्या टपावर बॅगा चढत असताना मी थांब्याच्या कठड्यावर वही टेकवून नऊ नावांच्या खाली दहावी ओळ लिहिली: बॅलास्ट ३० किलो, मागे. वेळ १ मिनिट १६.४१ सेकंद. त्यानं वही हातात घेतली, बोट ठेवून अक्षर न् अक्षर वाचलं आणि परत माझ्यासमोर धरली.

"दादा, शून्य राह्यला."

मी चारच्या आधी शून्य घातलं.